स्तनाचा कर्करोग आणि ‘निरोगी राहणी’: आपल्या हातात नेमकं किती?

रानजाई
ऑक्टोबर लागला की गुलाबी फिती येतात आणि त्यांच्या मागोमाग ढकलपत्रं. ‘हे दहा पदार्थ खा, स्तनाचा कर्करोग दूर ठेवा.’ दहांतले चार परदेशी, तीन खिशाला न परवडणारे, आणि हळद हमखास.

महिला मंडळांत वाटायला एक पानी पत्रक करायचं आहे, त्यासाठी हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकते. राहणीमानाचा वाटा खरा आहे, पण तो मोघम सांगितला की घोळ होतो. धडधाकट बाईला वाटतं, ‘मी चालते, मी शाकाहारी, मला कशाला होतोय’. आणि जिला झाला तिला वाटतं, ‘माझंच काहीतरी चुकलं’. म्हणून आकडे हवेत. किती चालायचं, किती तेल, किती दारू, कंबर किती, आणि त्याने धोका कितीसा हलतो. ‘संतुलित आहार घ्या’ छापाची वाक्यं लिहिणाऱ्यांना इथे प्रवेश नाही.

चहाटळ
पहिला प्रतिसाद माझा. संतुलित आहार घ्या.
(पळालो)

हिशेबनीस
टक्केवारीच्या आधी पाया पक्का करू. आपल्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अंदाज असा की ७५ वर्षांपर्यंत साधारण २९ बायकांमागे एकीला स्तनाचा कर्करोग होतो. म्हणजे हजारात ३४-३५. ढकलपत्रांतलं ‘आठांत एक’ हे अमेरिकेचं प्रमाण आहे, तेही पूर्ण आयुष्याचं. शहरांत आपलाही आकडा वर जातो, खेड्यांत खाली येतो.

पुढे जो कुठला टक्का येईल तो या ३४ वर लावायचा. ‘धोका ७ टक्क्यांनी वाढतो’ याचा अर्थ शंभरातल्या सात जणींना होतो असा नव्हे. हजारात ३४ च्या जागी ३६-३७ होतात, इतकंच. ‘२० टक्के कमी’ म्हणजे ३४ चे २७. एकटीच्या आयुष्यात हा फरक दिसणारही नाही, पण अख्ख्या जिल्ह्याचा हिशेब मांडला की तो मोठा होतो.

आणखी एक आकडा पत्रकात असू दे. २०२२ मध्ये देशात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त मृत्यू, यातलं बरंचसं कारण उशिरा येणं आहे. ते हळदीने सुटणारं नाही.

टिपकागद
हिशेबनीस, +१. त्यात भर घालते. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की साधारण निम्म्या रुग्णांत ‘बाई असणं’ आणि ‘वय चाळिशीपुढे असणं’ याखेरीज कुठलंच ठळक कारण सापडत नाही. रानजाई, ही ओळ पत्रकात सर्वांत वर टाक. अपराधी वाटण्यावर यापेक्षा चांगला उतारा नाही.

बाकीच्या बहुतेक कारणांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा मारा किती वर्षं आणि किती जोराने झाला. पाळी लवकर आली, उशिरा गेली, मूल झालं नाही किंवा उशिरा झालं, अंगावर पाजलं नाही, पाळी गेल्यावर वजन वाढलं, संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या, हे सगळं त्याच एका वाटेने येतं. दारू थोडी त्या वाटेने आणि थोडी थेट डीएनएला इजा करून.

गोंयकार७
दारूचं नाव निघालं म्हणून आलो. फेणी औषधी असते, तिला यातून वगळावं ही नम्र विनंती.

टिपकागद
गोंयकारबाब, फेणीला सवलत नाही.

मोजायची रीत अशी: मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले ०.७९, आलं शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की असो, रम असो की फेणी, ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे १० ग्रॅम आणि ६० चा मोठा म्हणजे २०. साडेबारा टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास साधारण १५ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

रोजच्या दर १० ग्रॅममागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. आठवड्याची बेरीज करून सातने भागली तरी चालतं: शनिवारी रात्री सात छोटे पेग म्हणजे रोजचे १० ग्रॅमच. ‘एवढी घेतली तर काही होत नाही’ अशी खालची मर्यादा या रोगासाठी सापडलेली नाही. रेड वाईनमधलं ते बहुचर्चित द्रव्य, रेझव्हेराट्रॉल, इथे कामाला येत नाही, कारण त्याच्यासोबत अल्कोहोल पोटात जातंच.

चहाटळ
हहपुवा. नाशिककर आणि गोंयकार दोघांनाही एकाच प्रतिसादात झोपवलं.

निळीशाई
पण खरं सांगायचं तर आपल्याकडे किती बायका पितात? पत्रकातली जागा यावर खर्च करण्यात अर्थ नाही. वजन आणि व्यायाम हे आपले मुद्दे.

रानजाई
निळीशाई, शहरी मंडळांत तो प्रश्न आता विचारला जातो, फक्त हळू आवाजात. दोन ओळी ठेवतेच. वजनाचं सांगा.

पाटावरवंटा
आहारतज्ज्ञांच्या खुर्चीवरून बोलते.

पाळी जाण्याआधी इस्ट्रोजेन प्रामुख्याने बीजकोशांतून येतं. पाळी गेल्यावर तो कारखाना बंद होतो आणि चरबीतलं अरोमाटेज नावाचं विकर ते काम हाती घेतं. जितकी चरबी जास्त, तितकं इस्ट्रोजेन जास्त. म्हणून पाळी गेल्यानंतरच्या काळात बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) दर ५ अंकांनी वाढला की धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. ५ फूट उंचीच्या बाईला ५ अंक म्हणजे साडेअकरा किलो.

मर्यादाही आपल्या वापरा. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० नाहीत. ५ फुटांना २३ म्हणजे ५३ किलो, २५ म्हणजे ५८. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत.

कंबर मोजताना हमखास चूक होते. परकराच्या नाडीची जागा म्हणजे कंबर नव्हे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, जमिनीला समांतर, साधा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून घेतलेलं माप स्वतःच्या समाधानापुरतं.

वडाची_पारंबी
पाटावरवंटा, एक खटकलं. तरुण वयात जाड असलेल्या बायकांना पाळी जाण्याआधीचा स्तनाचा कर्करोग उलट किंचित कमी होतो ना? मग ‘वजन कमी करा’ सरसकट कसं सांगायचं?

पाटावरवंटा
पारंबी, बरोबर आहे, तसं दिसतं. पण विशीत जाड असलेली बाई पन्नाशीत सडपातळ होते असं क्वचितच घडतं, आणि मधुमेह, रक्तदाब, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे सगळं त्या वजनाच्या मागे रांगेत उभं असतं. पत्रकासाठी म्हणाल तर ‘तिशी ते पन्नाशी या काळात वजन वाढू देऊ नका’ एवढं अचूक आहे आणि जमण्यासारखंही. आधी वाढवून मग दहा किलो उतरवणं फार कमी जणींना जमतं.

तेलाचं लिटरमध्ये सांगते, ग्रॅम कोणी मोजत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या दिवसाच्या ताटात २००० कॅलरींना २७ ग्रॅम तेलतूप धरलंय. महिन्याला माणशी ९०० मिली, चौघांच्या घराला साडेतीन लिटर. तूप, लोणी आणि विकतच्या फरसाणातलं तेल त्यातच आलं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर दीड लिटर कुठे जातं ते शोधा. त्याच ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम, धान्य फक्त २५० ग्रॅम. आपल्या ताटात बरोब्बर उलटं असतं: भात-पोळीचा डोंगर आणि भाजी लोणच्याएवढी.

एक खास पदार्थ खाऊन हा कर्करोग टळतो असं मात्र काही नाही. हळदीतलं कुरकुमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. आमटीत घाला, चवीसाठी.

शिस्तप्रिय
आणि सोयाबीन? त्यात स्त्री-संप्रेरक असतं म्हणून पाळी गेलेल्या बायकांनी खाऊ नये म्हणतात.

पाटावरवंटा
त्यात आयसोफ्लॅव्होन असतात. ते इस्ट्रोजेनच्या कुलपात बसतात, पण किल्ली फारच कमजोर. सोया रोजच्या जेवणात असलेल्या चिनी बायकांच्या अभ्यासांत धोका वाढलेला दिसला नाही, उलट थोडा कमीच. सोयाबीनची भाजी, टोफू, पिठात मूठभर सोया, खुशाल. आयसोफ्लॅव्होनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

ताडगोळा
व्यायामाची पाळी माझी. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस ताकदीचा. भरपूर हालचाल करणाऱ्या बायकांत धोका १० ते २० टक्क्यांनी कमी दिसतो, वजन तेवढंच राहिलं तरी.

घोळ होतो तो ‘मध्यम’ या शब्दाच्या मापात. देवळापर्यंत गप्पा मारत जाणं आणि येताना भेळ खाणं यात धरत नाहीत. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. पावलं मोजलीत तर मिनिटाला साधारण १००. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायचं, ही जुनी अट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच काढून टाकली. जिने, बादल्या उचलणं, फरशी पुसणं, श्वास वाढत असेल तर सगळं धरा. पोळ्या लाटणं धरू नका, मेहनत कितीही असली तरी.

ताकदीसाठी जिममध्ये जायला नको. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं १०-१२ वेळा, भिंतीवर हात टेकून दंड तेवढेच, दोन्ही हातांत समान वजनाच्या पिशव्या घेऊन चालणं. अशा दोन-तीन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी टाकून बैठक उंच करा, व्यायाम सोडू नका.

शिवारातला
सगळं वाचलं. मूळ कारण कोणी बोलत नाही. पूर्वी मुलींची लग्नं वेळेवर व्हायची, विशीत मुलं, दोन-दोन वर्षं अंगावर. तेव्हा हा रोग कोणाला माहीत होता? करिअरच्या नादात हे ओढवलंय.

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

हिशेबनीस
शिवारातले काका, आकड्यांपुरतं तुमचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मांडणी २००२ मध्ये झाली. एकेका बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि दर १२ महिने अंगावर पाजण्यामागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी. दोन मुलं आणि प्रत्येकाला वर्षभर पाजलं, तर मूल नसलेल्या बाईपेक्षा धोका साधारण पाचवा हिस्सा कमी. नन्समध्ये हा रोग जास्त दिसतो हे इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ ची. तिच्यात पारशी बायकांत हे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आढळलं, आणि उशिरा लग्न, कमी मुलं हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

आता उरलेलं अर्धं. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण नोंदणी आहे, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांची. तिथे स्तनाचा कर्करोग मुंबईपेक्षा खूपच कमी होता, पण बायकांत पहिल्या नंबरावर गर्भाशयमुखाचा. लवकर लग्न आणि पुष्कळ बाळंतपणं हे त्या रोगाला पोषक. २०२२ मध्येही त्याने देशात सुमारे ८० हजार बायका गेल्या. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकण्याला आरोग्य म्हणत नाहीत.

टिपकागद
शिवाय बाळंतपणाचं संरक्षण लगेच मिळत नाही. बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट वाढतो, साधारण पाच वर्षांनी सर्वांत जास्त असतो, आणि फायदा दिसायला दोन दशकं लागू शकतात. पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं तर ही तात्पुरती वाढ मोठी.

कर्करोग टाळायला मूल जन्माला घाला हा सल्ला कोणताही शहाणा डॉक्टर देत नाही. सांगण्यासारखं आहे ते हे की मूल झालंच असेल तर पाजायला सोय द्या. नोकरीच्या जागी बंद दाराची खोली, दूध काढायला वेळ, साठवायला फ्रिज. यातलं एकही बाईच्या ‘राहणीमानात’ येत नाही, ते मालकाच्या हातात आहे.

निळीशाई
टिपकागद, दंडवत.

शिवारातला
खोलीचा मुद्दा पटला. बाकीचं जपून ठेवतो.

झुळूक
घट्ट ब्रा, काळी ब्रा, तारेची ब्रा, डिओडरंट, ब्लाउजमध्ये मोबाइल. यातलं काय खरं?

टिपकागद
एकही नाही. घट्ट कपड्याने काच पडतात, पुरळ येतं, कर्करोग होत नाही.

वडाची_पारंबी
अवांतर: घट्ट कपड्याचं एक वेगळंच प्रकरण मात्र खरं आहे. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की कातडी सोलते, जखम चिघळत राहते आणि क्वचित तिथे त्वचेचा कर्करोग होतो. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्याचा स्तनाशी काही संबंध नाही. नाडी थोडी सैल, जागा बदलती, नाहीतर रुंद पट्टा.

एक्सरेवाली
डिओडरंटवरून आठवलं. कर्करोग नाही, पण मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या) दिवशी ते लावून येऊ नका. त्यातल्या ॲल्युमिनियमचे कण आणि टाल्कम पावडर फिल्मवर पांढरे ठिपके उमटवतात. ते हुबेहूब कॅल्शियमच्या बारीक कणांसारखे दिसतात, आणि आम्ही नेमके तेच कण शोधत असतो. मग पुन्हा फिल्म, पुन्हा घाबरगुंडी.

तयारी एवढीच: पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा दुखतं कमी. दोन भागांचा पोशाख. जुन्या फिल्म आणि अहवाल दोन्ही आणा, नुसता अहवाल नको. आजच्या फिल्ममधला ठिपका तीन वर्षांपूर्वी तिथेच होता हे दिसलं की सुई टोचून तुकडा काढायच्या अर्ध्या तपासण्या वाचतात. दाबतात ते छळायला नव्हे: ऊती पातळ पसरली की किरण कमी लागतात आणि चित्र हलत नाही. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून सात आठवड्यांत मिळतात तेवढेच किरण.

रानजाई
आपण प्रतिबंधाकडून तपासणीकडे घसरलो, पण घसरायचंच होतं. निम्म्या जणींत कारणच नसेल तर राहणीमानावर पत्रक थांबवता येत नाही. मग महिन्याला स्वतः तपासा हे लिहायचं ना?

हिशेबनीस
जपून. शांघायच्या कापड गिरण्यांत २,६६,०६४ बायकांवर याची मोठी चाचणी झाली, निकाल २००२ मध्ये आला. निम्म्यांना स्वतः तपासायला नीट शिकवलं, सरावही घेतला. मृत्यू दोन्ही गटांत सारखेच. शिकलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र जास्त.

याउलट मुंबईची चाचणी. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका घेतल्या. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने स्तन तपासायचे. मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचा निकाल आला: रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात गर्भाशयमुखासाठी व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी होती, तिनेही मृत्यू घटवले. स्वस्त, साधं आणि आपल्याच मातीतलं.

झुळूक
म्हणजे स्वतः हातच लावायचा नाही?

टिपकागद
नाही नाही. दर महिन्याचं व्रत म्हणून नको, आपलं शरीर माहीत असावं म्हणून हवंच. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी, पाळी गेली असेल तर महिन्याची एखादी तारीख. आडवं होऊन खांद्याखाली उशी, त्या बाजूचा हात डोक्याखाली. दुसऱ्या हाताच्या मधल्या तीन बोटांची पेरं, टोकं नव्हे. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, छातीच्या मध्यापासून काखेच्या मध्यापर्यंत, उभे पट्टे. प्रत्येक जागी छोटं वर्तुळ तीन दाबांनी: हलका, मध्यम, बरगडी लागेपर्यंत.

दोन ठिकाणी फसगत होते. स्तन चिमटीत धरला की प्रत्येकीला गाठ लागतेच, तसं करू नका. आणि खालच्या घडीत एक कडक कंगोरा असतो तो सगळ्यांनाच असतो, गाठ नव्हे.

दहातल्या नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. पण न दुखणारी नवी गाठ, बोंड अलीकडेच आत ओढलं जाणं, बोंडातून आपोआप रक्तासारखा स्राव, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, बोंडावरचा न हटणारा खरूजसदृश चट्टा, काखेत गाठ, यांतलं काहीही असेल तर पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका.

वडाची_पारंबी
सरकारी सोय लिहा. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची दर ५ वर्षांनी स्तनतपासणी धरलेली आहे. आशाताई घरी जो चौकशीचा फॉर्म भरतात त्यात स्तनात गाठ, बोंडातून रक्ताळ स्राव आणि आकारातला बदल हे प्रश्न असतात. गडबड पुढे होते. उपकेंद्रात आडोसा नसला की बाई ब्लाउज काढत नाही, आणि कपड्यावरून हात फिरवून रकाना भरला जातो. कपड्यावरून झालेली तपासणी ही तपासणी नव्हे, हे पत्रकात ठळक हवं. पडदा मागायचा हक्क आहे.

शिस्तप्रिय
पाच वर्षांतून एकदा फार कमी नाही का? अमेरिकेत ४० पासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी म्हणतात. परवडतं त्यांनी तेच करावं.

एक्सरेवाली
हो, २०२४ पासून तिथली शिफारस ४० ते ७४, दर दोन वर्षांनी. इथे सरसकट नको म्हणण्याचं कारण असं: आपल्या रुग्णांचं सरासरी वय तिकडच्यापेक्षा दहाएक वर्षं कमी, आणि तरुण स्तन घट्ट असतो. घट्ट ऊतीही फिल्मवर पांढरी आणि गाठही पांढरी. तिथे सोनोग्राफीची जोड लागते. पण नुसती सोनोग्राफी पुरत नाही, कॅल्शियमचे बारीक कण तिला सहसा दिसत नाहीत. उष्णतेचं चित्र काढणारी थर्मोग्राफी शिबिरांत ‘किरण नाहीत, दुखत नाही’ म्हणून खपवतात, ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

४० नंतर परवडत असेल तर दर दोन वर्षांनी करा. पण खोट्या घंटा वाजतात हे माहीत असू द्या. अहवालात ‘बायरॅड्स’ ही संशयाची श्रेणी लिहितात. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. ४ किंवा ५ असेल तर सुईची बायोप्सी, आणि तीही आधी. गाठ आधी कापून काढायची आणि मग तपासायची, हा उलटा क्रम अजून चालतो. त्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. सुईने कर्करोग पसरतो ही भीती निराधार.

चहाटळ
आणि ते ९९९ रुपयांचं संपूर्ण शरीर पॅकेज? त्यात ‘कर्करोग तपासणी’ लिहिलेलं असतं.

टिपकागद
ते रक्तातलं सीए १५-३ नावाचं प्रथिन. ज्यांना रोग झालाय त्यांच्या पाठपुराव्यासाठी आहे. धडधाकट बाईत सुरुवातीचा रोग असूनही ते नॉर्मल येऊ शकतं आणि रोग नसताना वाढलेलं. पैसे वाचवा.

झुळूक
आईला झाला असेल तर मुलीने जनुकाची तपासणी करून घ्यावी का?

टिपकागद
आधी आईची, मुलीची नव्हे. आईच्यात दोष सापडला तरच मुलीच्यात नेमका तो शोधता येतो. नाहीतर मुलीचा ‘निगेटिव्ह’ काहीच सांगत नाही. एकूण रुग्णांत अनुवंशिक ५ ते १० टक्केच. विचार करायचा तो तरुण वयात झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह (दोन संप्रेरकांच्या आणि हर-२ च्या, अशा गाठीच्या तिन्ही चाचण्या नकारात्मक) असेल, घरात बीजकोशाचा कर्करोग किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग असेल तर. आणि वडिलांकडची बाजूही तेवढीच मोजा. आत्या आणि आजी विसरल्या जातात, दोष मात्र वडिलांकडूनही येतो.

बीआरसीए या जनुकांत दोष असणाऱ्या बायकांचा आयुष्यभराचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास. तिथे चालणं आणि तेल पुरत नाही. तरुणपणापासून एमआरआय, इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय समुपदेशकासोबत बसून ठरवायचे.

निळीशाई
पाळी जाताना घेतात त्या संप्रेरकांच्या गोळ्या राहिल्या.

टिपकागद
इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन, पाचेक वर्षं: दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ रुग्ण जास्त. हा आकडा अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतला, ती २००२ मध्ये मधेच थांबवली. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात वाढ दिसली नाही. त्रास फार असेल तर कमीत कमी काळ, डॉक्टरांच्या नजरेखाली. कुटुंबनियोजनाच्या गोळीने वाढ फार छोटी: डेन्मार्कच्या अभ्यासात वर्षभर गोळी घेणाऱ्या ७,६९० बायकांमागे एक जास्तीचा रुग्ण, आणि बीजकोशाच्या कर्करोगापासून संरक्षण मिळतं ते वेगळं.

रानजाई
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पत्रकाच्या वरच्या अर्ध्यात ‘निम्म्या जणींत कारण सापडत नाही’ आणि लक्षणं, खालच्या अर्ध्यात आकडे असं मांडतेय. पहिल्या कच्च्या खर्ड्यात ‘छातीत दुखत असल्यास डॉक्टरांना दाखवा’ असं आलंय, ते ठीक ना?

टिपकागद
छे, तेच वाक्य काढ. दुखणारी बाई येतेच. जिची गाठ दुखत नाही ती घरी बसते. ‘दुखत नसेल तरी दाखवा’ कर.

पाटावरवंटा
आणि तेल लिटरमध्येच. चौघांना साडेतीन, फरसाणासकट.

गोंयकार७
फेणीच्या ओळीचा फाँट तेवढा लहान ठेवा.

रानजाई
गोंयकार, तुमच्यासाठी ती ठळक अक्षरांत.